नाणेघाटांतील नांवें

पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यांतील म्हसा या गांवीं मोठी जत्रा सुरू होते. खांबलिंगेश्वराच्या दर्शनास आणि गुरांच्या बाजारास दूरदूरचे लोक लोटतात. बैलांच्या जोड्या उभ्या राहतात, दांत पाहिले जातात, सौदे ठरतात आणि नवसाचे नारळ फुटतात. ग्रामदेवतांच्या अशा स्थानीं लेख कोरून ठेवण्याची चाल आपल्याकडे सहसा नाहीं. देव कसा प्रकट झाला, मान कोणत्या घराण्याकडे, नवस कसा फेडावा, हें सर्व मुखांतून मुखांत चालत येतें. आजीनें नातवंडांस सांगितलें, नातवंडांनीं पुढें आपल्या नातवंडांस सांगितलें, एवढाच त्याचा दप्तरखाना. माणसें एके ठिकाणीं नांदत आहेत तोंवर तो शाबूत असतो. माणसें पांगलीं कीं त्याचीं पानें गळूं लागतात.

याच तालुक्याच्या पूर्वेकडील शिवेवर सह्याद्रीनें अगदीं उलट प्रकार जपून ठेविला आहे. वैशाखरे गांवाच्या वर, नाणेघाटाच्या माथ्याशीं, कातळांत कोरलेलें एक दालन आहे. तेथें पूजा नाहीं, जत्रा नाहीं. परंतु दोन हजार वर्षांपूर्वीचीं नांवें भिंतीवर आहेत. म्हसा येथें सांगणारीं मुखें आहेत. नाणेघाटांत नुसता लेख आहे, आणि तो वाचूं शकणारें मुख कित्येक शतकें नव्हतें. या महिन्यांत या दालनांतील स्मारकाची ओळख करून घेण्याचें योजिलें आहे. कारण त्यांत एका घराण्याची कथा आहे, आणि ती कथा, बहुतेक अभ्यासकांच्या मतें, एका विधवेनें सांगितलेली आहे.

स्मारक नुसतें पाहणें निराळें आणि वाचणें निराळें. वाचण्याची ही रीत इंग्लंडांतील लोकांनीं आपल्या गांवोगांवच्या जुन्या चर्चांतून चांगली अंगीं बाणविली आहे. तेथें जमिनीवर थडग्यांच्या सपाट शिळा असतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या पायांखालीं त्यांचीं अक्षरें झिजत असतात. भिंतींत व फरशींत पितळेचे पत्रे बसविलेले असून त्यांवर रेघांनीं माणसांच्या आकृति कोरलेल्या असतात. एखाद्या जमीनदाराचा उंच चौथरा असतो आणि त्यावर तो व त्याची पत्नी हात जोडून शेजारीं शेजारीं निजलेलीं दाखविलेलीं असतात. पायांशीं बहुधा एखादें कुत्रें असतें. भिंतींवर संगमरवरी पाट्या असतात. आणि १९१४ ते १९१८ च्या महायुद्धानंतर बहुतेक गांवांत आणखी एका पाटीची भर पडली. तीवर त्या गांवचे जे तरुण लढाईंत पडले त्यांचीं नांवें ओळीनें असतात. जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्या तबेल्यांतील मोतद्दार एकाच यादींत. त्यापूर्वीं साध्या माणसाचें नांव आंतल्या भिंतीवर क्वचितच येई. तो बाहेरच्या अंगणांत मातीखालीं निनांवी निजे.

आपल्या वाचकांपैकीं जे मुंबईस राहतात त्यांना हा प्रकार पाहण्यासाठीं विलायतेस जावयास नको. कोटांतील सेंट थॉमस हें चर्च १७१८ सालीं उपासनेस खुलें झालें. ज्याला आपण चर्चगेट म्हणतों तें नांव या चर्चाकडे येणाऱ्या कोटाच्या दरवाज्यावरूनच पडलें. त्याच्या भिंती स्मारकांनीं भरलेल्या आहेत. कुलाब्याचें ‘अफगाण चर्च’ तर १८३८ ते १८४३ या काळांत सिंध व अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्यांच्या स्मरणार्थच उभारलें असून १८५८ सालीं तें उपासनेस खुलें झालें. सेंट थॉमसमध्यें जोनाथन डंकन या गव्हर्नराचें स्मारक आहे. १७९५ पासून १८११ सालीं मृत्यु येईपर्यंत तो मुंबईचा गव्हर्नर होता. बनारस आणि काठेवाड या प्रांतांत मुलींस जन्मतांच मारण्याची चाल त्यानें बंद केली, असा गौरव त्या स्मारकावर आहे. त्यानें त्या कामीं खटपट केली ही गोष्ट खरी. परंतु ही चाल मोडण्यासाठीं सरकारास १८७० सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला, हीहि गोष्ट तितकीच खरी. म्हणजे चाल बंद पडल्याचा लेख आधीं कोरला गेला आणि ती बंद करण्याचा कायदा सुमारें साठ वर्षांनीं झाला!

यावरून स्मारक वाचणारानें चार प्रश्न मनांत ठेवावे हें बरें. हें कोणी उभारलें? कोणासाठीं उभारलें? त्यांत काय सांगितलें? आणि काय गाळलें? हेच चार प्रश्न बरोबर घेऊन आपण नाणेघाट चढूं.

कोंकणांतील सोपारा, कल्याण या बंदरांतून निघालेला माल जुन्नरास आणि तेथून पैठणाकडे नेण्याचा हा प्राचीन मार्ग होय. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें लोक सांगतात. घाटाच्या तोंडाशींच तें दालन आहे. एका बाजूस मुरबाडचें रान खोल खालीं पसरलेलें, दुसऱ्या बाजूस जुन्नरचें पठार. दिवसभर चढून आलेला तांडा येथें टेंकला असेल, आणि ज्याला अक्षरओळख होती त्यानें भिंतीवरील लेख इतरांस वाचून दाखविला असेल. स्मारक कोठें उभारावें याचें मर्म सातवाहनांस पुरतें कळलें होतें. राजधानींतील देवळांत तें राजाच्या माणसांनीं पाहिलें असतें. येथें तें ये-जा करणाऱ्या सर्व जगानें पाहिलें.

दालनाच्या मागील भिंतीवर एकेकाळीं पुरुषभर उंचीच्या मूर्ति एका रांगेंत कोरलेल्या होत्या. आज त्या नाहींत. कोठें पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. परंतु प्रत्येक मूर्तीच्या माथ्यावर तिचें नांव कोरलेलें होतें, आणि त्यांपैकीं सहा पट्ट्या अभ्यासकांस वाचतां आल्या. पहिली राजा सिमुक सातवाहन याची. हा या राजघराण्याचा मूळ पुरुष. दुसऱ्या पट्टीवर दोन नांवें आहेत: देवी नायनिका आणि राजा श्रीसातकर्णि. पुढें कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि आणि कुमार सातवाहन. लिपि ब्राह्मी, भाषा प्राकृत. ज्या बोलीपासून आपली मराठी पुढें घडत गेली तिची ही दूरची पूर्वज होय. म्हणूनच ‘महारठी’ हा शब्द आजहि आपल्या कानास परका वाटत नाहीं.

दुसऱ्या पट्टीपाशीं क्षणभर थांबावें. राजाराणींचीं नांवें एकत्र आहेत यांत नवल नाहीं. नवल हें कीं, राणीचें नांव आधीं आहे आणि अश्वमेध करणाऱ्या सार्वभौम राजाचें मागून. ही देवी नायनिका म्हणजेच इतिहासांत नागनिका या नांवानें प्रसिद्ध असलेली सातवाहनांची राणी.

बाजूच्या दोन भिंतींवर मिळून वीस ओळींचा मोठा लेख आहे. त्याचा पुष्कळ भाग झिजला आहे. तरी जो उरला तोहि थोडा नव्हे. आरंभीं नमन आहे. धर्मास, इंद्रास, संकर्षण व वासुदेव यांस, चंद्रसूर्यांस, आणि यम, वरुण, कुबेर व वासव या चार लोकपालांस वंदन करून लेखास सुरुवात होते. पुढें यज्ञांची यादी येते. अग्न्याधेय, अन्वारंभणीय, राजसूय, अश्वमेध, आप्तोर्याम, गवामयन अशीं नांवें एकामागून एक येतात. अश्वमेध एकदां नव्हे, दोनदां केलेला आहे. आपल्या घरांतील वडील माणसांनीं हीं नांवें ग्रंथांत वाचलीं असतील. परंतु हे याग कोणी खरोखर केले, आणि त्यांत काय दिलें, याचा हिशेब इतक्या जुन्या काळचा दगडावर मिळावा ही गोष्ट दुर्मिळ आहे.

आणि हिशेब म्हणजे खराखुरा हिशेब आहे. एका यज्ञाची दक्षिणा बारा गाई आणि एक घोडा. दुसऱ्याची १,७०० गाई आणि दहा हत्ती. गवामयनाची १,१०१ गाई. एके ठिकाणीं २४,४०० कार्षापणांचा उल्लेख आहे. कार्षापण म्हणजे त्या काळचें नाणें. हे आंकडे चिन्हांनीं लिहिलेले आहेत, आणि भारतांतील अंकलेखनाच्या अगदीं जुन्या पुराव्यांत नाणेघाटाची गणना होते. तेव्हां शून्याची योजना या लेखनांत आलेली नव्हती. दहासाठीं, शंभरासाठीं, हजारासाठीं निरनिराळीं चिन्हें असत आणि त्यांस जोड देऊन मोठ्या संख्या लिहीत. अशा रीतीनें एका श्रद्धाळू राणीची दानाची वही गणिताच्या इतिहासांतील एक महत्त्वाचें पान होऊन बसली.

परंतु या लेखाचें हृद्गत यज्ञांच्या यादींत नाहीं. यज्ञांच्या यादीपूर्वीं ज्या ओळी येतात, त्यांत ती राणी स्वतःविषयीं सांगते. ती राजाची पत्नी आहे, कुमारांची माता आहे, आणि एका महारठीची, अंगिय कुळाची कीर्ति वाढविणाऱ्या पुरुषाची, कन्या आहे. ती महिना महिना उपवास करणारी आहे, घरांत राहून तपस्विनीचें जीवन जगणारी आहे, ब्रह्मचर्य पाळणारी आहे, आणि दीक्षा, व्रतें व यज्ञ यांत निपुण आहे. या वर्णनावरून, लेख लिहिला गेला तेव्हां तिचा पति हयात नसावा, आणि वेदिसिरि नांवाचा कुमार लहान असल्यानें राज्याचा भार तिच्याच शिरावर असावा, असें अनुमान अभ्यासकांनीं केलें.

येथें आपला पहिला प्रश्न सुटतो. अनुमान खरें असेल तर हें स्मारक विजयी राजानें आपल्या डंक्यासाठीं उभारलेलें नव्हे. नवऱ्यामागें उरलेल्या स्त्रीनें, लहान मुलगा पाठीशीं घेऊन, राज्यांतील सर्वांत वर्दळीच्या वाटेवर जगास सांगितलें कीं, माझा पति असा होता, आम्हीं असें असें केलें, हें आमचें घराणें आहे आणि हे त्याचे वारस आहेत. शोक आणि राज्यकारभार हीं दोन्ही त्या लेखांत एकत्र नांदतात. यज्ञांची ती लांब यादी म्हणजे मुलाच्या हक्काची सनद होय.

एक शंका मात्र उरते. मूर्तींच्या रांगेंत तिची स्वतःचीहि मूर्ति होती. मग ती तिच्या हयातींतच कोरली कीं काय? आपल्याकडील जुनी समजूत याच्या उलट दिसते. भासाचीं नाटकें टी. गणपतिशास्त्री यांनीं १९१२ पासून त्रिवेंद्रम येथें प्रसिद्ध केलीं. त्यांत ‘प्रतिमा’ नांवाचें नाटक आहे. आजोळाहून परतणारा भरत अयोध्येबाहेर प्रतिमागृहांत शिरतो. तेथें दिलीप, रघु आणि अज यांच्या प्रतिमांच्या रांगेंत चौथी प्रतिमा पाहून तो चरकतो. जिवंत राजांच्या प्रतिमा येथें ठेवीत नाहींत हें कळतांच वडील गेल्याचें त्याच्या ध्यानांत येतें. बापाच्या मृत्यूची वार्ता मुलास दगडानें द्यावी, असा हा प्रसंग संस्कृत नाट्यांत फार हृदयस्पर्शी आहे. तो नियम नाणेघाटास लावला तर राणीची मूर्ति तिच्या मागून तिच्या मुलांनीं बसविली असें म्हणावें लागेल.

परंतु इंग्लंडांतील चर्चांत एक निराळी चाल दिसते, आणि ती येथें विचार करण्याजोगी आहे. तेथें नवऱ्याचें स्मारक उभारतांना पुष्कळ विधवा आपलीहि आकृति त्याच्या शेजारीं करवून घेत. नवऱ्याच्या मृत्यूची तारीख कोरलेली असे. स्वतःच्या तारखेपुरती जागा कोरी सोडलेली असे. पुढें कोणी ती भरी, कोणी भरीत नसे. अशा अर्धवट कोऱ्या पाट्या तेथें अजून आहेत. नागनिकेनेंहि आपली जागा नवऱ्याच्या शेजारीं अगोदरच राखून ठेविली असणें अशक्य नाहीं. दोहोंपैकीं कोणताहि पक्ष खरा ठरो. मूर्तींच्या रांगेंत ती राजाच्या शेजारीं होती आणि नांवांत त्याच्या आधीं होती, एवढें निश्चित.

ती एकटीच अशी नव्हती. नाशिकच्या त्रिरश्मि डोंगरावर, ज्यास आपण पांडवलेणीं म्हणतों, तिसऱ्या लेण्यांत याच घराण्यांतील दुसऱ्या एका वृद्ध राजमातेचा लेख आहे. तिचें नांव गौतमी बलश्री. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकीर्दीच्या १९ व्या वर्षीं तिनें तें लेणें भद्रायनीय भिक्षूंस दान केलें, आणि त्या निमित्तानें आपल्या गेलेल्या मुलाचें, गौतमीपुत्र सातकर्णीचें, चरित्र कोरविलें. क्षहरातांचा त्यानें उच्छेद केला, त्याच्या घोड्यांनीं तीन समुद्रांचें पाणी प्यालें, असे पराक्रम तींत आहेतच. पण त्याच वर्णनांत, तो आईच्या सेवेंत कधीं अंतर पडूं न देणारा होता, असेंहि आहे. हें विशेषण कोणत्या भाटाला सुचलें असतें? स्वतःविषयीं ती सांगते तें सत्य, दान, क्षमा, अहिंसा, तप आणि व्रत यांविषयीं. एका महाराजाची माता आणि दुसऱ्याची आजी असलेली ती बाई मुलाच्या मागें जगत होती.

म्हणजे सातवाहनांच्या दोन सर्वांत बोलक्या लेखांपैकीं एक पत्नीनें पतीसाठीं आणि दुसरा मातेनें पुत्रासाठीं लिहविलेला आहे. ज्या महाराष्ट्रांत पुढें कित्येक शतकें विधवेचें दर्शन अपशकुन मानलें गेलें, तिचे केश काढले गेले, तिला घराच्या मागील दारीं बसविलें गेलें, त्याच महाराष्ट्राच्या इतिहासाचें पहिलें मोठें पान अशा स्त्रीनें भर रस्त्यावर लिहिलें असावें, ही गोष्ट साधी नव्हे. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यांत विधवांसाठीं आश्रम काढला आणि १९०० सालीं तो हिंगण्यास नेला. त्या वेळीं त्यांस रूढि मोडणारे म्हणून बोल लागले. नाणेघाटाची भिंत तेव्हांहि उभीच होती. रूढीहून जुनी अशी तिची साक्ष होती.

आतां नाश आणि रक्षण यांविषयीं. नाणेघाटांतील मूर्ति नाहींशा झाल्या आणि नांवें राहिलीं. हा प्रकार सर्वत्र दिसतो. मथुरेजवळ माट येथें कुशाण राजांचें असेंच एक मूर्तिगृह सांपडलें. तेथील कनिष्काच्या मूर्तीस शिर नाहीं, पण अंगावर नांव कोरलेलें असल्यामुळें ती कनिष्काची हें कळतें. इंग्लंडांत सोळाव्या शतकांत धर्मक्रांतीच्या लाटेंत चर्चांतील मूर्तींबरोबर माणसांचीं स्मारकेंहि फुटूं लागलीं. शेवटीं १५६० सालीं पहिल्या एलिझाबेथ राणीस, हीं स्मारकें मृतांच्या आठवणीसाठीं आहेत, पूजेसाठीं नव्हेत, असें बजावून तीं फोडण्यास जाहीरनाम्यानें बंदी करावी लागली. १६३१ सालीं जॉन वीव्हर नांवाच्या गृहस्थानें देशांतील चर्चें पालथीं घालून जे लेख वाचतां आले ते उतरून ग्रंथरूपानें छापले. पुढें कांहीं दगड गेले. त्यांचीं अक्षरें त्या ग्रंथांत राहिलीं.

आपल्या नाणेघाटासहि असा वीव्हर भेटला. कर्नल साइक्स यांनीं १८३७ सालीं या लेखाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. त्याच वर्षीं जेम्स प्रिन्सेप यांस ब्राह्मी लिपीचा उलगडा झाला. परंतु झिजलेलीं अक्षरें भिंतीजवळ बसून, ऊनसांवलींत डोळे लावून, एकेक उतरून घेणारा पुरुष म्हणजे जुनागडचे पंडित भगवानलाल इंद्रजी. डॉ. भाऊ दाजी यांच्या पदरीं तयार झालेल्या या विद्वानानें १८७० नंतरच्या दशकांत येथील आंकड्यांचा आणि लेखाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १८८३ सालीं ब्यूलर यांनीं त्याचें संपादन केलें. पुढें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं सातवाहनांच्या सर्व लेखांबरोबर त्याचा पुन्हां परामर्श घेतला. मोठ्या लेखांत राणीचें नांव आज स्पष्ट वाचतां येत नाहीं. मागील भिंतीवरची ती लहानशी पट्टी कोणी वेळींच उतरून घेतली नसती, तर यज्ञ राहिले असते, गाई राहिल्या असत्या, हत्ती राहिले असते. आणि त्या सर्वांचा हिशेब ठेवणारी बाई मात्र निनांवी झाली असती.

घाटांतील पाण्याच्या टांक्यांवरहि लहान लेख आहेत. सोपाऱ्याच्या गोविंददास नांवाच्या गृहस्थानें एक टांकें दिलें. कामवनच्या दामघोषानें दुसरें. यांत अश्वमेध नाहीं, राजकुळ नाहीं. घाट चढून आलेल्यास प्यावयास पाणी मिळावें एवढाच हेतु, आणि त्यापुढें दात्याचें नांव व गांव. इंग्लंडांतील साध्या माणसास चर्चाच्या भिंतीवर जागा मिळण्यास महायुद्ध व्हावें लागलें; आपल्या घाटांत ती पाणी दिल्यानें मिळाली.

चौथा प्रश्न राहिला: या स्मारकांत काय गाळलें? गाळलें पुष्कळच. ज्यांनीं कातळ फोडला त्या पाथरवटांचें नांव उरलेल्या लेखांत नाहीं. ज्या गांवांतून दक्षिणेच्या गाई आल्या त्यांतील गुराख्यांचें नाहीं. राजा लढला त्या लढायांत कोण पडले तें नाहीं. प्रत्येक स्मारक जितकें दाखवितें तितकेंच झांकतेंहि. डंकनच्या संगमरवरास जी कसोटी लावली तीच नागनिकेच्या कातळास लावली पाहिजे. असें केल्यानें तिचा मान कमी होत नाहीं.

हाच प्रश्न आतां आपल्या स्वतःच्या घराकडे वळवूं. आपल्या कुटुंबांत पितृपक्षांत पिता, पितामह, प्रपितामह यांचीं नांवें घेतात. त्यांच्या मागोमाग माता, पितामही, प्रपितामही यांचींहि घेतात. तीन पिढ्यांपलीकडे बहुतेक घरांत काळोख असतो. त्यांतहि एक भेद आहे. विसाव्या शतकांत अनेक घराण्यांनीं मोठ्या कष्टानें कुलवृत्तांत छापले; परंतु त्यांतील वंशवृक्षांच्या फांद्यांवर बहुधा पुरुषांचींच नांवें आढळतात. सुनेचें नांव लग्नांत बदललें. माहेरचें नांव त्या दिवशींच मागें राहिलें. पणजीचें सासरचें नांव तरी श्राद्धाच्या संकल्पांत ऐकूं येतें. तिचें माहेरचें नांव, तिच्या बापाचें घराणें, ती कोणत्या गांवची, तिनें काय सोसलें, कोणास शिकविलें, हें विचारावें तर ज्यांस ठाऊक होतें ते गेलेले असतात. दोन हजार वर्षांपूर्वींची राणी कोणाची कन्या होती हें भिंत सांगते. आपल्या खापरपणजीचें माहेर कोणतें हें आपणांस ठाऊक नाहीं.

एकत्र कुटुंबाचें घर हें एक प्रकारें आपलें चर्च आणि आपलें नाणेघाटच होय. भिंतीवर तसबिरी असतात. त्यांखालीं बहुधा कांहीं लिहिलेलें नसतें, कारण लावणारांस सर्व ठाऊक असतें. पुढील पिढीस ती तसबीर म्हणजे अनोळखी म्हातारीचें चित्र होतें. नाणेघाटांत मूर्ति गेली व नांव उरलें. आपल्या घरांत मूर्ति उरते व नांव जातें. यांवर उपाय अगदीं स्वस्त आहे. प्रत्येक तसबिरीच्या पाठीमागें शाईनें नांव, नातें, गांव आणि वर्ष लिहावें. एक वही करावी. तींत स्त्रियांचीं माहेरचीं व सासरचीं दोन्ही नांवें, जन्मगांव, आणि घरांतील जाणत्या माणसांस आठवत असेल ती एखादी गोष्ट टिपून ठेवावी. हें काम घरांतील मुलामुलींस सांगितल्यास तीं आवडीनें करतील, आणि आजीच्या जवळ बसण्यास त्यांस एक निमित्त मिळेल. विलंब मात्र करूं नये. भगवानलाल यांस दगडापुढें बसावयास मिळालें. दगड वाट पाहतो, माणसें वाट पाहत नाहींत.

आणि सुटींत मुलांस घेऊन नाणेघाटास जाण्याचा योग आला, तर कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यानें वैशाखऱ्यापर्यंत जाऊन तेथून पाऊलवाट चढावी. गाडी वरपर्यंत न्यावयाची असल्यास जुन्नरकडून घाटघरास यावें. दालनांत मुलांस मागील भिंतीची ती दुसरी पट्टी दाखवावी. अक्षरांस हात लावूं नये, तीं उठून दिसावींत म्हणून त्यांत खडू भरूं नये, आणि आपलें नांव तर भिंतीवर मुळींच लिहूं नये. जुन्या लेण्यांतून कोळशानें, खडूनें, खिळ्यानें लिहिलेलीं असलीं नांवें पाहिलीं कीं मन विटतें. संरक्षित स्मारक विद्रूप करणें हा १९५८ च्या कायद्यानें गुन्हा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. परंतु कायद्याहून मोठें कारण निराळेंच आहे. त्या भिंतीवर ज्यांचीं नांवें आहेत त्यांनीं कांहींतरी दिलें: कोणी गाई दिल्या, कोणी पाण्याचें टांकें दिलें, आणि एकीनें आपल्या माणसांची आठवण दिली. ज्यानें कांहींच दिलें नाहीं त्याच्या नांवास तेथें जागा नाहीं.